मुलीचं नाव 'इरा' ठरलंय, मधलं नाव काय ठेवू?

अश्विनीताई, आधी मनापासून अभिनंदन! 'इरा'ला शोभेलसं मधलं नाव तुम्ही विचारलंय, आणि सासूबाई नावरस नाव मध्ये घाला म्हणतात असं लिहिलंय.

बाळ पुण्यात झालंय, तेव्हा शोधाशोध करायची गरजच नाही. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर बाळ, आई, वडील आणि मग आडनाव याच क्रमाने लिहायचं, असा शासनाचा निर्णय आहे. नावरस नाव पत्रिकेत राहू द्या, बारशाला आत्या कानात सांगेलच. इराच्या पुढे तुमचं नाव येणार.

पण तुमचं कोणतं नाव? लग्नात बदललंय का? हे मुद्दाम विचारते. माझ्या लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं. मला ते आवडलंही होतं, सासरी आजही त्याच नावाने हाक मारतात. पदवी, आधार, पॅन, बँक मात्र सगळं माहेरच्या नावाने. ऑगस्ट २०२४ मध्ये लेक झाली. सिझेरियननंतर मी गुंगीत होते, हॉस्पिटलचा फॉर्म नणंदेने भरला, आणि आईच्या रकान्यात प्रेमाने सासरचं नाव लिहिलं. जन्मदाखला हातात आला तर त्यावरच्या आईच्या नावाचा माझ्याकडे एकही कागद नाही! दुरुस्तीला आठ महिने गेले. 'वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत' असं प्रतिज्ञापत्रावर सही करून द्यावं लागलं. माझ्याच लेकीची आई मीच, हे लिहून देताना डोळ्यांत पाणी आलं हो.

म्हणून आधारवर जे नाव आहे तेच द्या, मराठीत आणि इंग्रजीत, अक्षरन् अक्षर. इराच्या बाबांचंही तसंच. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच धरला जातो, त्यामुळे तिथली चूक पुढे सगळीकडे जाते. घाईही करू नका. बाळाच्या नावाशिवाय जन्माची नोंद होते, नाव १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं.

'इरा अश्विनी' भरभर म्हटलं की 'इराश्विनी' ऐकू येतं, हे खरं. मला ते गोडच वाटतं. तरी शाळेत हजेरी घेतात तसं पूर्ण नाव आडनावासकट दोन-चारदा मोठ्याने म्हणून बघा.

पुढेमागे परदेशी जायचं असेल तर एक लक्षात ठेवा. आपल्या पासपोर्टवर मधल्या नावाचा वेगळा रकाना नसतो. आडनाव सोडून बाकी सगळं एकाच रकान्यात जातं, आणि विमानाच्या तिकिटावर बहुधा जोडून छापून येतं. त्याने घाबरू नका, फक्त तिकीट काढताना पासपोर्ट समोर ठेवा.

आणि नावनोंदणीचा अर्ज शक्यतो स्वतः भरा. दुसरं कोणी भरणार असेल, तर तुमचं आधारकार्ड आधी त्यांच्या हातात द्या.