संगीत विषय घेतलायस तर

संगीतशास्त्राचा पेपर म्हणजे निव्वळ पाठांतर, असं पहिल्या वर्षी सगळेच धरून चालतात. तू त्या नादाला लागू नकोस. भूप आणि देशकार हे राग घे. सूर तेच, सा रे ग प ध. वादी, म्हणजे रागातला मुख्य सूर, मात्र भूपात गंधार (ग), देशकारात धैवत (ध). एवढं लिहून गुण मिळतीलही, पण तानपुरा लावून आधी गंधारावर ठहराव घे, मग उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या भागात, धैवतावर. चाल बदलली की रागच बदलतो, ते कानाला कळेल. मग थाटांत, म्हणजे रागांची वर्गवारी करणाऱ्या सात सुरांच्या संचांत, भूप कल्याण थाटात आणि देशकार बिलावलात का, हे शिक्षकांना जरूर विचार. या दोन थाटांत फरक फक्त मध्यमाचा (म), आणि तो तर दोन्ही रागांत वर्ज्य! (वर्ग रंगतो तो अशा प्रश्नांनीच.)

प्रात्यक्षिकाला बहुतेकांची गाडी विलंबित (संथ लयीतल्या) एकतालाच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, अडते. रोज थोडा वेळ न गाता नुसता हाताने ताल दे, एकतालाच्या 12 मात्रा अंगात भिनू देत.

पुढे शिकवायचं असेल तर आत्ताच एखाद्या नवशिक्याला घेऊन बस. सूर उतरला की लगेच ‘वर घे’ म्हणू नकोस. दम कमी पडला, की मुळात सूर नीट ऐकूच आला नाही, ते आधी बघ. पेटी बाजूला ठेवून, तानपुऱ्यावर.