आधी टायर, मग सायलेन्सर (जमल्यास नकोच)

मागच्या अंकात एका ओळीत सहज लिहून गेलो की कमी बजेटच्या बाईकवर पण माळरान फिरता येतं, तर तेवढ्यावरून प्रश्नांचा ढीग पडलाय. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सारखे सारखे प्रश्न एकत्र करून पाच घेतलेत.

प्रश्न: दादा, हिरोची २०१९ ची एक्सपल्स २०० बाईक सेकंडहँड घेतली. हातात २५ हजार आहेत. मित्र म्हणतात आधी सायलेन्सर आणि फ्री फ्लो फिल्टर (जास्त हवा आत सोडणारा एअर फिल्टर) टाक, पॉवर वाढते. रविवारी तुळजापूरच्या बाजूला डोंगरात कच्च्या वाटेनं फिरायचंय. सुरुवात कशानं करू? (एक वाचक, जुळे सोलापूर)

मालक, मित्रांना चहा पाजा आणि विषय बदला. नुसत्या सायलेन्सरनं आवाज वाढतो, पॉवर वाढल्यासारखी वाटते ती त्या आवाजामुळंच. आणि आपल्याकडं मे महिन्यात कच्च्या वाटेवर जी पिठासारखी धूळ उडते ना, ती फ्री फ्लो फिल्टरमधून आत जाते आणि पिस्टन रिंगा खाते. कंपनीचाच फिल्टर ठेवा, फक्त लवकर लवकर बदला. फिल्टर काढल्यावर त्याच्या पुढं इंजिनकडं जाणाऱ्या रबरी पाइपात बोट फिरवून बघा, बोटाला धूळ लागली तर फिल्टर नीट बसलेला नाही, कडेनं हवा खातोय. कडेला ग्रीसचा हात फिरवून परत बसवा.

आता टायर. तुमच्याकडं पुढं २१ इंची आणि मागं १८ इंची स्पोकचं चाक आहे, म्हणजे निम्मं काम कंपनीनंच करून दिलंय. टायर झिजले असतील तर त्याच मापाचे, ९०/९०-२१ आणि १२०/८०-१८, जरा खोल गाठींचे घ्या. पण फार गाठीचे, शेतातल्या ट्रॅक्टरसारखे नकोत, कारण तुळजापूर गाठेपर्यंत चाळीसेक किलोमीटर डांबरच आहे आणि तिथं ते गुणगुणतात, वळणावर डगमगतात आणि उन्हाळ्यात तर डोळ्यांदेखत झिजतात. टायर अजून चांगले असतील तर आहेत तेच ठेवा आणि कच्च्याला लागल्यावर हवा कमी करा. हे फुकटातलं मॉडिफिकेशन आहे आणि कुणी करत नाही. १८ ते २० पीएसआयवर (गेजवर दिसणारा हवेचा दाब) आणा, मुरमावर फरक लगेच कळेल, गाडी दगडावरून उडायच्या ऐवजी दगड पोटात घेते. त्याच्या खाली जाऊ नका, कारण ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते आणि सापानं चावल्यासारखी दोन भोकं पडतात. डांबरावर परत यायच्या आधी हवा भरायची, नाहीतर उन्हात टायर तापतो. म्हणजे छोटा पंप आणि गेज पहिल्या खरेदीत आलंच.

एक बारीक गोष्ट, जी मला एका पंक्चरवाल्या काकांनी शिकवली. व्हॉल्व्हचा नट रिमला घट्ट आवळून ठेवू नका. कमी हवेत टायर रिमवर थोडा सरकतो, ट्यूब त्याच्यासोबत ओढली जाते, आणि नट आवळलेला असला की व्हॉल्व्ह मुळातून फाटतो, मग त्याला पॅच पण लागत नाही. नट सैल करून वर टोपीपाशी आणून ठेवायचा. व्हॉल्व्ह तिरका दिसायला लागला की समजायचं टायर सरकलाय.

राहिलेले पैसे गुडघ्याच्या गार्डवर आणि घोट्याच्या वर जाणाऱ्या बुटांवर घाला. हसू नका, बाईकचा लिव्हर बाजारात मिळतो, गुडघा मिळत नाही.

प्रश्न: उभं राहून चालवलं की पाठ दुखते, आणि चढावर पहिल्या गिअरला पण गाडी दमते. माझी पण एक्सपल्सच आहे. हँडल उंच करायचं का? स्प्रॉकेट बदलू का? (होटगी रोड)

दोन्ही करा, पण एकेक करून, म्हणजे कशानं काय झालं ते कळेल.

उभं राहिल्यावर वाकावं लागतंय म्हणजे हँडल खाली आहे. इंचभर उंच करणारे रायझर बसतात. बसवल्यावर मात्र गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडं, मग पूर्ण उजवीकडं वळवा. इंजिनचा आवाज आपोआप वाढला तर अॅक्सिलरेटरची केबल ताणतीय. तशी गाडी घेऊन बाहेर पडू नका, वळणावर स्वतःहून पळेल. ब्रेकचा पाइप पण तेव्हाच बघून घ्यायचा. आणि क्लच, ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प आपले लोक जीव खाऊन आवळतात, ते थोडे सैल ठेवा, म्हणजे गाडी पडली की लिव्हर हँडलवर फिरतो, तुटत नाही. क्लॅम्पखाली टेफ्लॉन टेपचे दोन वेढे दिले की अजून बरं.

स्प्रॉकेट म्हणजे चेन ज्यावर फिरते ती दातेरी चाकं, त्याचं गणित सोपं आहे. तुमच्याकडं पुढं १३ आणि मागं ३९ दात असतील तर गुणोत्तर झालं ३. पुढचं १२ दातांचं केलं की ३.२५, म्हणजे ओढ साधारण ८ टक्के वाढली. चढावर क्लच दाबत बसावं लागणार नाही. बदल्यात हायवेवर इंजिन जास्त किंचाळेल आणि लहान स्प्रॉकेटवर चेन जरा लवकर झिजेल. रोज पुणे रोडनं ऑफिसला जाणाऱ्यानं हे करू नये. चेन मात्र घट्ट ठेवू नका, घट्ट चेन म्हणजे चांगली चेन हा गैरसमज आहे. मागचं चाक खड्ड्यात वर दबतं तेव्हा चेन अजून ताणली जाते, आधीच ढील नसेल तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जोर येतो. एखाद्या जाड मित्राला गाडीवर बसवा आणि तेव्हा ढील उरतीय का बघा.

प्रश्न: हिरोची जुनी इम्पल्स बाईक स्वस्तात मिळतीय, घ्यावी का? पुढून लै डुबते आणि फोर्कमधून (पुढच्या शॉकअपच्या नळ्या) तेल येतंय. (बाळे)

२०११ ला आली तेव्हा या किमतीत अशी गाडीच नव्हती आपल्याकडं, ग्राउंड क्लिअरन्स २४५ मिलिमीटर, वजनाला हलकी. १५० सीसीचं इंजिन त्या घराण्यातल्या बाकी गाड्यांसारखंच, त्यामुळं इंजिनचं सामान मिळतं. प्लास्टिकसाठी मात्र भंगार बाजाराच्या चकरा, ते आधी बघून घ्या.

तेल येतंय म्हणून लगेच सील बदलायला देऊ नका. बऱ्याचदा सीलच्या ओठात वाळूचा एखादा कण अडकलेला असतो. वरचं रबरी डस्ट कव्हर खाली ओढायचं, जुनी एक्सरे फिल्म बोटभर पट्टीत कापून टोकाला आकडा करायचा आणि सीलच्या आत सरकवून गोल फिरवायची. काळी घाण बाहेर येते. पुसून घेऊन दहा-बारा वेळा फोर्क दाबा. तरी तेल आलं तरच सील. डुबण्यावर उपाय म्हणजे तेल बदलताना आधीपेक्षा एकच ग्रेड जाड तेल, दोन्ही नळ्यांत मोजून अगदी सारखं, आणि स्प्रिंगवर थोडा लांब स्पेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणारा नळीचा तुकडा. एकदम फार जाड तेल टाकलं की गाडी बारीक खड्ड्यात मनगटं झिणझिणवते.

प्रश्न: मुलानं गाडीचे इंडिकेटर, आरसे, नंबर प्लेट सगळं काढून ठेवलंय, म्हणतो पडल्यावर तुटतात. आणि मोठ्या आवाजाचं काहीतरी बसवलंय, शेजारचे बोलतात. हे चालतं का? (एक आई, विजापूर रोड)

ताई, नाही चालत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत मनानं बदल करायला बंदी आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर असल्या प्रत्येक बदलाला ५ हजार दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. लेकाचं एक खरं आहे, ते तुटतात. म्हणून वाकणारे रबरी दांड्याचे इंडिकेटर मिळतात ते लावायला सांगा, आरसे माळावर पोचल्यावर आत वळवता येतात. नंबर प्लेट जागेवरच. सायलेन्सर जुनाच परत बसवा, गाडी काही आवाजानं वेगात जात नाही, आणि मेंढरं बिथरली की धनगर जे बोलतात ते शेजाऱ्यांपेक्षा जास्त लागतं.

प्रश्न: पावसात मजा येते म्हणतात, कुठं जायचं? आणि पंक्चर फार होतं, काय करू? (अक्कलकोट रोड)

कुठं जायचं नाही ते आधी सांगतो. नान्नजचं माळढोक अभयारण्य. बाहेरून मोकळा माळ दिसतो पण तो रिकामा नाही, काळवीट, लांडगे आहेत आणि माळढोक पावसाळ्याच्या दिवसांत उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो. गाडी घालायची नाही, विषय संपला. बाकी मुरमाड गाडीवाटा पुष्कळ आहेत, फक्त बांधावरून जायच्या आधी शेतकऱ्याला विचारा, नको म्हणाला तर मागं फिरा.

पंक्चर म्हणजे वेडी बाभूळ. जाड ट्यूब टाका, आतून सीलंट भरा, तरी एखाद दिवशी काटा जिंकतोच. ट्यूब काढली की लगेच पॅच मारून परत घालू नका. जुनं कापड टायरच्या आतून पूर्ण गोल फिरवा, बोट नाही, कापड. मोडलेलं काट्याचं टोक कापडाला अडकतं. एकदा हे न करता मी एकाच झाडाखाली तीनदा ट्यूब काढली होती, तिसऱ्यांदा काटा सापडला तो तांदळाच्या दाण्याएवढा. स्पेअर ट्यूब एकच न्यायची तर २१ इंची न्या, अडचणीत ती मागच्या १८ मध्ये पण घरापर्यंत चालते, उलटं होत नाही.

आणि पावसात काळ्या मातीत शिरू नका, जा म्हणून सांगणारे लै भेटतील. ती माती टायरला गुंडाळत जाते, मडगार्डच्या खाली भरते आणि पंधरा-वीस मीटरवर पुढचं चाक जाम. क्लच सोडला की मागचं चाक फिरतं आणि पुढचं घसरगाडीसारखं ओढलं जातं. अडकलातच तर रेस देऊन क्लच जाळू नका. बाभळीची काठी घ्या, माती कोरून काढा, दहा पावलं ढकला, परत कोरा. पुढचं मडगार्ड उंच असेल तर थोडी जास्त पावलं मिळतात, तेवढंच. दोन दिवस ऊन पडू द्या आणि मग जा.