सहलीसाठी काजूचं चीज: पहिल्यांदा करताना

पहिलीच वेळ ना? मग आंबवण्याच्या भानगडीत आत्ता पडू नका, लिंबाच्या रसावर छान जमतं. काजू बिनमिठाचे, न भाजलेले घ्या. तुकडा काजू स्वस्त पडतो, आणि वाटायचाच तर आहे! १ वाटी काजू ४ तास भिजवा, पाणी पूर्ण निथळा.

नवखे हमखास चुकतात ते पुढे. मिक्सर अडला की भसकन पाणी ओततात, आणि चीजची चटणी होते. चमचा-चमचाच घाला, मधूनमधून थांबून भांड्याच्या कडा खरवडा. वाटण बोटांना अजिबात रवाळ लागता कामा नये. मग मीठ, लसूण, लिंबू. मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवा.

डबा बर्फासोबत न्या. कडक उन्हात तासाभराहून जास्त राहिलं तर टाकून द्या. खाकऱ्यावर लावून बघा, वर भरड मिरी.