ईएफ ३५ टक्के म्हणजे ६५ टक्के हृदय निकामी?

प्रश्न : कापूस वेचणीच्या दिवसांत माझ्या वडिलांना (वय ५८) हृदयविकाराचा झटका आला. नागपूरला नेऊन अँजिओप्लास्टी केली. सुटी देताना टू-डी इकोमध्ये ‘ईएफ ३५ टक्के, समोरची भिंत हलत नाही’ असे निघाले. गावात सगळे म्हणतात, पासष्ट टक्के हृदय निकामी झाले. तेव्हापासून बाबा धुऱ्यापर्यंतही जात नाहीत. सहा आठवड्यांनी पुन्हा इको सांगितला आहे. तो खरेच लागतो का?
— एक वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : पासष्ट टक्के हृदय निकामी झाले, हा अर्थ चुकीचा आहे आणि तो आधी वडिलांच्या मनातून काढावा. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती रक्त एका ठोक्याला बाहेर पडते, ते प्रमाण म्हणजे ईएफ. निरोगी हृदयही सगळे रक्त बाहेर टाकत नाही. कप्प्यात १२० मिलिलिटर रक्त असेल, तर साधारण ७० बाहेर जाते आणि ५० आतच राहते. म्हणून ३५ हा आकडा शंभराशी नव्हे, तर ५५ ते ७० या आकड्यांशी ताडून पाहावा. घट बरीच आहे, हे मात्र खरे.

मला स्वतःला या आकड्यापेक्षा भिंतीबद्दलचे वाक्य अधिक महत्त्वाचे वाटते. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफीच. रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवून बरगड्यांच्या फटीत प्रोब टेकवला, की भिंत प्रत्येक ठोक्याला आत येताना आणि त्याच वेळी जाड होताना दिसते. आम्ही हे जाड होणे बारकाईने पाहतो, कारण मेलेला भागही शेजारच्या जिवंत स्नायूच्या ओढीने हलल्यासारखा दिसू शकतो, पण तो जाड होत नाही. जुना व्रण असेल, तर तेथील भिंत पातळ, बहुधा ६ मिलिमीटरपेक्षा कमी, आणि पडद्यावर अधिक पांढरी दिसते. झटक्यानंतरच्या पहिल्या दिवसांत मात्र भिंतीची जाडी शाबूत असूनही ती हलत नाही, असे पुष्कळदा होते. रक्तपुरवठा तुटल्याने बधिर झालेला हा स्नायू, रक्तवाहिनी मोकळी झाल्यावर, काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुन्हा काम करू लागू शकतो. कोणता भाग मेला आणि कोणता नुसता बधिर आहे, हे सुटीच्या दिवशीच्या इकोवरून नक्की सांगता येत नाही.

म्हणून पुन्हा इको लागतोच. समोरची भिंत हलत नसेल, तर हृदयाच्या टोकाशी रक्ताची गुठळी धरू शकते. तीही त्यात पाहतात. पुढे ईएफ ३५ किंवा त्याखालीच राहिला, तर धोकादायक ठोके थांबवणारे उपकरण छातीत बसवण्याचा विचार करावा लागतो. पण तो निर्णय झटक्यानंतर किमान ४० दिवस आणि अँजिओप्लास्टीनंतर सहसा तीन महिने औषधे घेऊन मगच करतात. इकोत एक्स-रेसारखे किरण नसतात, त्यामुळे पुन्हा केल्याने अपाय नाही.

आकड्यात पाच-सात टक्क्यांचा फरक मोजणाऱ्यानुसारही पडतो. शक्यतो त्याच ठिकाणी इको करावा आणि जुना अहवाल सोबत न्यावा.

तोवर एकही गोळी स्वतःहून बंद करू नये. आडवे झाल्यावर दम लागला, पायांवर सूज आली किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता लगेच दाखवावे. धुऱ्यापर्यंत चालण्याबद्दल आपल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारावे; अशा रुग्णांना सपाट वाटेवर थोडे-थोडे चालणे आम्ही बहुधा स्वतःच सांगतो.