विभागप्रमुख एकेकटे तरबेज, पण एकत्र बसले की टीम होत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तुमचे सहाही विभागप्रमुख दर मीटिंगमध्ये सगळं आलबेल असल्याचं सांगतात आणि महिनाअखेरीला उद्दिष्ट हुकतं. फायनान्सचा प्रमुख म्हणून मी अकरा वर्षं अशाच टेबलाभोवती बसलोय. वाईट बातमी सांगणाऱ्याचं तुमच्या मीटिंगमध्ये काय होतं, ते आधी बघा.

आमच्याकडे एकदा सेल्सच्या प्रमुखांनी ग्राहकाला कबूल केलेली तारीख वाचून दाखवली. प्रॉडक्शनचे प्रमुख पेनचं टोपण काढत-घालत म्हणाले, "होऊन जाईल." मीटिंग संपल्यावर जिन्यात मला म्हणाले, "एक मशीन चार दिवस बंद आहे हो. पण आत बोललो असतो तर तासभर सोलून काढलं असतं." हे कळूनही मी मूग गिळून बसलो, कारण तो 'त्यांचा' विषय होता! माल तीन आठवडे उशिरा गेला. माझं ते गप्प बसणं आजही मला टोचतं.

फोर्ड कंपनीत हेच मोठ्या प्रमाणावर घडत होतं. २००६ मध्ये बोइंगमधून येऊन फोर्डचे प्रमुख झालेल्या अ‍ॅलन मुलाली यांनी दर गुरुवारी सगळ्या प्रमुखांची बैठक सुरू केली. प्रत्येकाने आपल्या कामाच्या तक्त्यावर रंग लावायचा: काम सुरळीत असेल तर हिरवा, अडलं असेल तर लाल. त्या वर्षी कंपनीला १२ अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला, आणि तक्ते मात्र हिरवेगार! शेवटी त्या प्रमुखांपैकीच एक, मार्क फील्ड्स यांनी 'एज' या नव्या गाडीपुढे लाल रंग लावला. आता यांची नोकरी गेली, असंच बाकीच्यांना वाटलं. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि यांना मदत कोण करेल, एवढंच विचारलं. लगेच इतरांनी आपली माणसं देऊ केली. पुढच्या काही आठवड्यांत बाकीच्यांच्या तक्त्यांवरही लाल रंग दिसू लागला. हेच फील्ड्स २०१४ मध्ये कंपनीचे प्रमुख झाले.

मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो लाल रंग दिसल्यानंतरचा एक मिनिट. त्या मिनिटात वरिष्ठांच्या कपाळाला आठी पडली, तर पुढचं वर्षभर कोणी तोंड उघडणार नाही.

बोनसही तपासा. तो फक्त आपापल्या विभागाच्या आकड्यांवर ठरत असेल, तर दुसऱ्याच्या अडचणीत स्वतःची माणसं कोण देईल? आम्ही अर्धा बोनस पूर्ण कंपनीच्या निकालाला जोडला. कुरकुर खूप झाली, पण जिन्यातल्या गोष्टी हळूहळू टेबलावर यायला लागल्या.

येत्या मीटिंगची सुरुवात तुम्हीच करा. तुमच्या स्वतःच्या कामात काय अडलंय ते सांगा आणि मदत मागा. पहिल्या दोन-तीन वेळा खोलीत शांतता पसरेल. ती मोडायची घाई करू नका, कोणीतरी बोलेपर्यंत थांबा.