बाबांची बुलेट, पाचशेचं बॅरल आणि आरटीओची नोटीस

प्रश्न : मी ठाण्यात नौपाड्यात राहतो. वडिलांनी १९७१ साली घेतलेली बुलेट ३५० माझ्याकडे आहे. वडील २०२३ मध्ये गेले. आरसी त्यांच्याच नावावर असून २०२७ पर्यंत वैध आहे, विमाही दरवर्षी भरतो. गेल्या वर्षी कळव्याच्या एका मेकॅनिककडून गाडी कॅफे रेसर करून घेतली. ५०० सीसीचं बॅरल (म्हणजे इंजिनाचा सिलिंडर) आणि पिस्टन बसवलं, मागची चासी कापून आखूड केली, एकाच माणसाची सीट, अ‍ॅल्युमिनियमचे मडगार्ड, खाली उतरवलेलं हँडल, पुढे डिस्क ब्रेक आणि सरळ नळीचा सायलेन्सर. साडीगार्ड काढलं. वजन वीसेक किलोंनी उतरलं, गाडी पळायला लागली. एका रविवारी सकाळी घोडबंदर रोडवर मानपाड्याजवळ वाहतूक पोलिसांनी अडवलं, सायलेन्सरचं चलान केलं, गाडी जमा केली आणि आरटीओला कळवलं. आता नोंदणी निलंबित का करू नये, अशी नोटीस आली आहे. मेकॅनिक म्हणतो, बदल आरसीवर चढवता येतात. मित्र म्हणतात, गाडी पन्नास वर्षांच्या वर आहे, सरळ व्हिंटेज नोंदणी कर. गाडी भंगारात जाईल का? काढलेले सगळे मूळ पार्ट मी माळ्यावर ठेवले आहेत.

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं. पार्ट माळ्यावर आहेत, म्हणजे गाडी वाचते. आज घरी गेल्यावर ते सगळे खाली काढा, एकेकाचा फोटो घ्या, आणि चासीचा कापलेला तुकडा त्यात आहे का, ते आधी बघा.

आधी मेकॅनिकच्या म्हणण्याकडे येतो, कारण त्या भरवशावर राहून तुम्ही नोटिशीला उत्तर दिलंत तर पंचाईत होईल. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलांशी आरसीतली नोंद विसंगत होईल, असा फेरफार मालकाला करता येत नाही. पूर्वी आरटीओची परवानगी घेऊन किंवा नंतर कळवून बरंच काही चढवून घेता येतं, असा समज होता. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी के. जयचंद्र यांच्या केरळमधल्या प्रकरणात तो मोडीत काढला. रंग बदलणं, किरकोळ जोडणी यांची नोंद होऊ शकते. उत्पादकाच्या मूळ विनिर्देशाला धक्का लावणारा बदल मात्र आरटीओला मंजूरच करता येत नाही. त्यामुळे ‘आता नोंद करून द्या’ असा अर्ज करू नका. तो अर्ज म्हणजे तुमच्या सहीचा कबुलीजबाब होईल आणि हाती काही लागणार नाही.

तुमच्या बुलेटचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वरखाली सरकतो ते अंतर, ९०, म्हणून ती ३४६ सीसीची. स्ट्रोक तोच ठेवून बोअर ८४ केला की ४९९ होतात. आरसी हातात घेऊन बघा. घनक्षमता, आसनक्षमता, रिकाम्या गाडीचं वजन, इंजिन नंबर, चासी नंबर हे सगळं त्यात छापलेलं असतं. तुम्ही घनक्षमता वाढवली, दोनाची सीट एकाची केली आणि वजनही उतरवलं. गाडी हलकी करणाऱ्या तरुणांना वाटतं की आपण फक्त जादाचं लोखंड काढलं, त्यात कायद्याचं काय गेलं? पण वजन हीसुद्धा नोंदीतली बाब आहे.

तरीही तुम्ही केलेला प्रत्येक बदल एकाच तागडीत तोलायचा नाही, आणि तुमच्या उत्तराचा खरा कस इथे लागणार आहे. कलम ५२ च्या स्पष्टीकरणात फेरफाराची व्याख्या दिली आहे : वाहनाच्या रचनेतला असा बदल, ज्यामुळे त्याचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं. बॅरल, कापलेली चासी, एकेरी सीट हे सरळसरळ या व्याख्येत बसतात, तिथे वाद घालू नका. हँडल आणि मडगार्ड मात्र रचनेतला मूलभूत बदल नाहीत, असं म्हणायला जागा आहे आणि ते ठामपणे म्हणा. हा फरक पैशांच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आलेल्या कलम १८२अ(४) मध्ये बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द लक्षात ठेवा. सात बदल मोजले तर पस्तीस हजार, तीन मोजले तर पंधरा. आणि कायदा मालकाला धरतो. मेकॅनिकने सांगितलं म्हणून केलं, हा बचाव चालत नाही.

साडीगार्डचं वेगळं आहे. मागे माणूस बसणार असेल तर हाताला पकड, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ सांगतो. तुमच्या आरसीवर दोन माणसं आहेत, त्यामुळे ते परत बसवायचंच. ओढणी किंवा पदर चाकात गेल्यावर काय होतं, याचे कागद ज्यांनी अपघात दाव्यांत वाचले आहेत, ते साडीगार्डला शोभेची वस्तू म्हणणार नाहीत.

डिस्क ब्रेकबद्दल मला तुमच्याविषयी खरी सहानुभूती आहे. पाचशेची ताकद घातल्यावर जुन्या ड्रमवर विसंबणं तुम्हाला धोक्याचं वाटलं, ही समज चुकीची नव्हती. जुन्या गाडीला अधिक चांगला ब्रेक लावायचा असेल तर तपासणी करून तो मंजूर करणारी सोपी वाट आपल्याकडे असायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. विशिष्ट कारणासाठी सूट देण्याचा अधिकार कलम ५२ ने केंद्र सरकारला दिलेला आहे. पण नोटिशीचं उत्तर ही धोरणावर भांडण्याची जागा नव्हे. बॅरल ३५० चं झालं की ड्रमही परत बसवा.

आता नोटीस. ती कलम ५३ खाली असणार. या कलमाची भाषा तुमच्या बाजूची आहे, ती नीट वापरा. वाहन धोकादायक स्थितीत आहे किंवा नियमांशी जुळत नाही म्हणून नोंदणी निलंबित केली, तर ते निलंबन दोष दूर होईपर्यंतच असतं. म्हणजे दुरुस्तीची वाट कायद्यानेच ठेवली आहे. तेव्हा उत्तरात काहीही नाकारत बसू नका. मूळ पार्ट उपलब्ध आहेत, गाडी मूळ स्वरूपात आणायला अमुक आठवडे लागतील, गाडी टेम्पोत घालून वर्कशॉपला नेण्याची परवानगी द्यावी, काम झाल्यावर तपासणी करावी, असं लिहा. जुने फोटो आणि जुनं आरसी बुक जोडा. नोटिशीतली मुदत चुकवू नका. निलंबन झालंच आणि ते सहा महिने सलग राहिलं, तर कलम ५४ खाली नोंदणी रद्द होऊ शकते, म्हणून काम लांबवू नका. निलंबनाचा आदेश चुकीचा वाटला तर तो हातात पडल्यापासून तीस दिवसांत कलम ५७ खाली अपील करता येतं. भंगाराची भीती मनातून काढा, त्या टोकाला तुमचं प्रकरण अजून गेलेलं नाही.

काम करून घेताना एका ठिकाणी डोळ्यांत तेल घाला. ५०० चं बॅरल बसवायला क्रँककेसचं, म्हणजे बॅरलखालच्या इंजिनाच्या कवचाचं, तोंड लेथवर मोठं केलं असेल, तर जुनं बॅरल जसंच्या तसं नीट बसणार नाही. मेकॅनिक सहज म्हणेल, ‘दुसरा क्रँककेस टाकू, जुन्या बाजारात मिळतो.’ ते अजिबात करू नका. इंजिन नंबर क्रँककेसवरच ठोकलेला असतो. आज तुमचे दोन्ही नंबर आरसीशी जुळतात, आणि हीच तुमची सगळ्यात मजबूत बाजू आहे. इंजिन किंवा चासीचा नंबर आरसीतल्या नंबरापेक्षा वेगळा निघाला तर कलम ५५(५) खाली थेट नोंदणी रद्द होण्याची वेळ येते. आणि कोणी ‘जुना नंबर घासून ठोकून देतो’ म्हणालं, तर त्या गॅरेजची पायरी पुन्हा चढू नका. तो सरळ फौजदारी गुन्हा आहे. आहे त्याच क्रँककेसला कडं बसवून तोंड मापात आणणारा चांगला टर्नर शोधा आणि त्याचं पक्कं बिल घ्या. चासीचं वेल्डिंग लपवू नका. तपासणीच्या वेळी स्वतःहून दाखवा, काम सुरू असतानाचे फोटो सोबत ठेवा.

गाडी सोडवायची कशी, हे जप्तीच्या पावतीवर अवलंबून आहे. पावतीवर कलम २०७ असेल तर कागदपत्रं घेऊन त्यासाठी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. पोलिसांनी जप्तीचा अहवाल न्यायालयात पाठवला असेल, तर कोर्ट नाक्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करावा लागेल. जप्त वाहनं पोलीस ठाण्याच्या आवारात कुजत ठेवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलेलं आहे, त्याचा आधार घ्या. सायलेन्सरचं चलान भरून टाका, त्यात लढण्यासारखं काही नाही. पण चलान भरलं म्हणजे सायलेन्सर कायदेशीर झाला, असं होत नाही. तो बदलला नाहीत तर दुसऱ्या दिवशी पुढच्या नाक्यावर दुसरं चलान होऊ शकतं.

व्हिंटेज नोंदणीचा विचार सध्या बाजूला ठेवा. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत ८१अ पासून नवे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली दुचाकी त्यात बसते, पण ती मूळ स्वरूपात जपलेली हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी चालत नाही. आजच्या अवस्थेत व्हिंटेज गाड्या तपासणाऱ्या समितीपुढे गेलात तर तुम्हीच तुमच्याविरुद्ध पुरावा हजर कराल. शिवाय व्हिंटेज गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, त्यासाठीची ये-जा, इंधन आणि देखभाल, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. तुम्हाला तर रविवारी येऊरला जायचं असतं. त्यासाठी साधी आरसी वेळच्या वेळी नूतनीकरण करत राहणं हाच बरा मार्ग आहे.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत, ती मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. आरसी वडिलांच्या नावावर आणि विमाही त्यांच्याच नावावर. विमाधारक गेल्यावर पॉलिसी सहसा मृत्यूपासून तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांतलं जे आधी येईल तेवढीच चालते. त्या काळात वारसाने ती आपल्या नावावर करून घ्यायची असते. पुढची वर्षं तुम्ही हप्ता भरलात तो हयात नसलेल्या माणसाच्या नावे. त्यात इंजिन वाढवल्याचं विमा कंपनीला कळवलेलं नाही. उद्या कुणाला धक्का लागला, कुणाचा पाय मोडला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे कंपनी या दोन्ही मुद्द्यांवर हात वर करेल. न्यायाधिकरणाने जखमी माणसाला कंपनीकडून पैसे द्यायला लावले, तरी कंपनी ते तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते. ती रक्कम पाच हजारांच्या हिशेबात मोजायची नसते, त्यात राहतं घर जाऊ शकतं. घोडबंदरवर पोलिसांनी तुम्हाला अडवलं, अपघाताने नाही, याबद्दल मला मनापासून बरं वाटतं.

नाव बदलायला नियम ५६ आहे. मालक गेल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून हस्तांतरणाचा अर्ज द्यायचा. तुमचा उशीर झाला आहे, त्याचा दंड पडेल, पण काम होतं. मृत्यू दाखला, आरसी, तुमचं प्रतिज्ञापत्र आणि आई, बहीण-भाऊ असतील त्यांचं ना-हरकत लागेल. विवाहित बहीणही वारस आहे, तिला वगळू नका. हे आधी हाती घ्या, कारण गाडी सोडवताना ‘मालक कोण’ हा पहिला प्रश्न येईल आणि आज कागदावर त्याचं उत्तर तुम्ही नाही.

हलकी, चपळ गाडी हवीशी वाटणं मला समजतं. कायद्यात राहून त्यातलं बरंच मिळतं. इतक्या वर्षांत गाडीवर चढलेलं लेगगार्ड, कॅरिअर, साइड बॉक्स हे कारखान्यातून आलेलं नव्हतं, ते काढलंत तर कोणी अडवणार नाही. कार्बोरेटर, टॅपेट, चाकांची ट्रूइंग, हेडमधला साठलेला कार्बन एवढं नीट केलं तरी दुर्लक्षित बुलेट ओळखू येत नाही. आणि खरंच पाचशे पळवायची असेल, तर ते बॅरल आणि ते हँडल विकू नका. नोंदणीचा प्रश्न नसलेली वेगळी गाडी बंद ट्रॅकसाठी उभी करा, कोइम्बतूर आणि चेन्नईला असे ट्रॅक आहेत, आणि तिथे ती टेम्पोतून न्या. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चाचणी हा कलम १८९ चा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, मग गाडी मूळ स्वरूपात असो वा नसो.

नोटिशीचं उत्तर आरटीओत हातोहात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. गाडी ताब्यात मिळाल्यावर निलंबन उठेपर्यंत आणि विमा तुमच्या नावावर होईपर्यंत ती वर्कशॉपपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका.