गृहलक्ष्मीच्या भरवशावर वॉशिंग मशीनचा हप्ता घ्यावा का?

प्रश्न : आम्ही वडगाव, बेळगाव येथे भाड्याच्या घरात पाच जण राहतो. यजमान उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत, हातात २१,००० रुपये येतात. मी घरी फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवून महिन्याला चार हजारांपर्यंत मिळवते. रोज थोडे थोडे भरलेल्या पिग्मी ठेवीचे १८,००० रुपये नुकतेच मिळाले, तेवढीच शिल्लक आहे. सात किलोचे फुल्ली ऑटोमॅटिक मशीन रोखीने १५,६०० रुपयांना आहे. बिनव्याजी हप्त्यांवर १,६५० रुपयांचे दहा हप्ते आणि ५०० रुपये प्रोसेसिंग फी, त्यावर जीएसटी. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेत कुटुंबप्रमुख महिलेला महिन्याला मिळणाऱ्या २,००० रुपयांतून हप्ता जाईल आणि पिग्मीला हात लागणार नाही, असा माझा विचार आहे. ओळखीत सात वर्षे वापरलेले फ्रंट लोड ७,००० रुपयांना मिळते आहे. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते. टाकी पत्र्याच्या शेडवर, नळापासून पाच फूट उंच आहे. सासूबाईंच्या मते मशीन ही चैन आहे. काय करावे?

उत्तर : ताई, सासूबाईंच्या शंकेचे उत्तर आपल्याच पत्रात आहे. पाच माणसांचे धुणे, त्यात फाउंड्रीचे तेलकट कपडे, यात रोजचा तास-दीड तास सहज जातो, आणि तेवढ्या वेळात आपण दोन-चार साड्यांचे फॉल लावू शकता. शिवाय जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपडे धुण्यापेक्षा वाळवणेच अधिक कठीण असते, आणि मशीनमध्ये पिळून निघालेले कपडे घरातल्या दोरीवरही लवकर वाळतात. त्यामुळे मशीन घ्यावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हरकत आहे ती पैसे उभे करण्याच्या पद्धतीला.

दुकानदार ज्याला बिनव्याजी म्हणतो त्याचा हिशेब असा आहे. दहा हप्त्यांचे १६,५०० रुपये होतात आणि फी जीएसटीसह ५९० रुपये पडते, म्हणजे एकूण १७,०९० रुपये. रोखीच्या किमतीपेक्षा हे १,४९० रुपयांनी जास्त आहे. दर हप्त्याला मुद्दल कमी होत जाते हे लक्षात घेतले, तर हे वर्षाला सुमारे एकवीस टक्के व्याज झाले. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. जाहिरातीतला शब्द मात्र टिकून आहे.

व्याजापेक्षाही मला अधिक काळजी वाटते ती गृहलक्ष्मीच्या आधाराची. ऑगस्ट २०२३ पासून सुरू असलेल्या या योजनेचे पैसे काही वेळा महिना-दोन महिने थांबून एकदम जमा झाले आहेत, हा अनुभव आपल्यालाही असेल. फायनान्स कंपनी मात्र ठरल्या तारखेलाच खात्यातून हप्ता ओढते, आणि खात्यात पैसे नसले तर कंपनीचा दंड, बँकेचे शुल्क आणि सिबिलवरचा डाग हे तिन्ही आपल्या वाट्याला येतात. सरकारी मदतीची रक्कम आली की खर्चावी किंवा साठवावी. तिच्या तारखेवर कर्जाची तारीख बांधू नये.

मग पिग्मीचे पैसे मोडून तेच फुल्ली ऑटोमॅटिक रोखीने घ्यावे का? माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचे कारण आपली टाकी आहे. अशा बहुतेक मशीनना पाण्याचा किमान दाब लागतो, त्यासाठी टाकी मशीनच्या नळापेक्षा साधारण दहा फूट उंच असावी लागते. पाच फुटांवरून पाणी संथ येईल, मशीन भरायला वेळ घेईल किंवा एरर दाखवून मध्येच थांबेल; मग छोटा प्रेशर पंप बसवावा लागेल आणि तो खर्च वेगळा. एका वेळच्या धुण्याला शंभर लिटर किंवा त्याहून अधिक पाणी लागू शकते, आणि साठवणीच्या पाण्यावर चालणाऱ्या घराला ते झेपणारे नाही.

आपल्या घराला सेमी ऑटोमॅटिक, म्हणजे धुण्याचा आणि पिळण्याचा (ड्रायरचा) टब वेगळा असलेले मशीन, योग्य ठरेल. ते बादलीने भरता येते, मुलांच्या गणवेशांचे साबणाचे पाणी पुढच्या मळक्या कपड्यांना वापरता येते आणि खळबळून उरलेले पाणी बादलीत धरून मोरी धुता येते. यजमानांचे कपडे आधी झटकून वाळू काढावी, भिजवून ब्रश मारावा आणि मगच शेवटी टाकावेत, कारण ती बारीक वाळू टबच्या तळाशी बसून मशीनचे आयुष्य कमी करते. कपडे एका टबातून दुसऱ्यात हलवण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल, ही त्याची उणीव आहेच. पण शिलाई यंत्रावरून मधूनमधून उठणे आपल्याला जमण्यासारखे आहे.

सात किलोचे चांगले सेमी ऑटोमॅटिक नऊ-दहा हजारांच्या आसपास मिळावे. घेताना ड्रायरची क्षमताही विचारावी, ती धुण्याच्या टबापेक्षा कमी असते. मोटरवर पाच किंवा दहा वर्षांची वॉरंटी असे लिहिलेले असते तेव्हा ती फक्त मोटरची असते. टायमर, ड्रेन पाइप किंवा ब्रेकच्या वायरला ती लागू होत नाही. म्हणून गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला आधी विचारावे की कोणत्या कंपनीचे सुटे भाग बेळगावात लगेच मिळतात, आणि दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा त्याच्या उत्तराला अधिक वजन द्यावे.

जुन्या फ्रंट लोडचा विचार सोडून द्यावा. सात वर्षांनंतर त्याचे बेअरिंग किंवा सर्किट बोर्ड गेले, तर एकच दुरुस्ती खरेदीच्या निम्म्या किमतीपर्यंत जाऊ शकते.

कोल्हापुरात स्वस्त मिळेल म्हणून शंभर-सव्वाशे किलोमीटर जाण्याचाही उपयोग नाही. दोन्ही राज्यांत जीएसटी सारखाच, १८ टक्के आहे, आणि सप्टेंबर २०२५ च्या कपातीत वॉशिंग मशीनचा दर बदललेला नाही. विजेची धास्ती नसावी. थंड पाण्यावर चालणाऱ्या सेमी ऑटोमॅटिकची महिन्याची भर काही युनिटांचीच असते. मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत मात्र आपल्या आर.आर. नंबरच्या (वीज जोडणीच्या क्रमांकाच्या) २०२२-२३ मधील सरासरी वापरावर मोफत युनिटांची मर्यादा ठरलेली आहे, तेव्हा पुढचे दोन महिने बिलावरचा युनिटांचा आकडा पाहत जावा.

पिग्मीच्या पैशांतून रोखीने मशीन घेऊन जे आठ हजार उरतील ते जूनच्या शाळेच्या फीसाठी वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि पिग्मी पुन्हा सुरू करावी. गृहलक्ष्मीचे पैसे जमा होतील तेव्हा त्यातले हजार रुपये त्याच खात्यात टाकावेत. एखादा महिना ते आले नाहीत, तरी कोणाचा हप्ता थकणार नाही.